कामापुरता अधिकार

वर्ध्याच्या मे महिन्यात अंगात लोकरी स्वेटर घालून फिरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहत होते. तो म्हणजे आमच्या कॉलेजचे सिस्टम अॅडमिनिस्ट्रेटर, रमेशराव चाफले. सर्व्हरच्या खोलीत एसी बारा महिने चालू, त्यामुळे आत कायमचा हिवाळा. बाहेर कँटीनपर्यंत यायचं तर माणसानं स्वेटर काढून ठेवावा की नाही? पण नाही. "पाच मिनिटासाठी काढा, मंग पुन्हा घाला, कायले?" असं म्हणून ते त्याच अवतारात लिंबाखाली उभे राहून चहा पीत, आणि घाम आम्हाला फुटे.

हा माणूस पेन द्यायचा, पण टोपण द्यायचा नाही. एकदा तपासणीला आलेल्या बड्या साहेबांनी सहीसाठी त्यांच्याकडे पेन मागितलं. चाफलेभाऊंनी टोपण काढून खिशात ठेवलं आणि नुसतं पेन पुढे केलं. साहेबांनी सवयीनं टोपणासाठी हात लांबवला. "सहीले टोपणाचं काय काम, साहेब?" असं चाफलेभाऊ अगदी शांतपणे म्हणाले. आमचे प्राचार्य तेव्हा खिडकीबाहेर पाहत होते, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

डब्यातली जवसाची चटणी मागितली तर डबा पुढे येत नसे, चमच्यानं काढून वाढली जाई. सोबत एक वाक्य ठरलेलं, "घ्या, पण कामापुरतं."

हे वेड कुठून आलं ते कळायला रूट म्हणजे काय ते सांगावं लागेल. मी परीक्षा विभागातली बाई. माझं या विषयातलं ज्ञान चाफलेभाऊंनीच दिलेलं आहे, म्हणजे तेही कामापुरतंच. आमचा सर्व्हर युनिक्सच्या घराण्यातला. त्याच्यावर रूट नावाचा एक मालक असतो. त्याला कोणीच नाही म्हणत नाही. त्यानं सगळं पुसून टाक म्हटलं, तर मशीन "नक्की का?" एवढंही न विचारता पुसून मोकळं होतं. आणि आमच्या कॉलेजात ज्याला त्याला हा रूट व्हायचं होतं. कॉलेज दरवर्षी ओसरत चाललेलं, दोन शाखा बंद, वर्गात पोरांपेक्षा बाकं जास्त, पगार कधी होईल त्याचा नेम नाही. अशा ठिकाणी माणसाला निदान मशीनचा तरी मालक व्हावंसं वाटत असावं.

चाफलेभाऊ कोणालाच रूट देत नसत. ते स्वतःसुद्धा रूट म्हणून आत जात नसत. "मी रमेश म्हणून जातो, अन् लागते तेवढं मागतो," असं ते सांगत. हे मागायची जी सोय आहे तिला ते 'सुडू' म्हणत. एका कामापुरतं मालकाच्या नावानं करून घ्यायचं, आधी आपला स्वतःचा पासवर्ड द्यायचा, कोणी काय केलं त्याची नोंद होते, आणि काम झालं की आपण पुन्हा साधे. कोणाला कोणतं काम सुडूनं करता येईल हे एका फाइलीत लिहिलेलं असतं, आणि त्या फाइलीला हात लावायचा असला की त्या दिवशी चाफलेभाऊ दाढी करून येत. थट्टा नाही करत मी. त्यात एक स्वल्पविराम जरी चुकला, तरी मशीन कोणालाच आत घेत नाही म्हणे. म्हणून ते दोन खिडक्या उघडत. एकीत त्या कामापुरता मालक आधीच आत बसवून ठेवायचा, दुसरीत बदल करायचा, आणि बदल नीट चालला हे पाहिल्याशिवाय पहिली बंद करायची नाही. "एक दार उघडं ठेवूनच दुसऱ्याचं कुलूप बदलाचं," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी घरचं कुलूप बदलताना मागचं दार उघडं ठेवलं आणि मांजरानं दूध सांडलं.

प्राचार्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून पासवर्डच मागितला. "मी या संस्थेचा प्रमुख आहे," ते म्हणाले. चाफलेभाऊ म्हणाले, "आहातच ना, सर. काम कोणतं कराचं आहे ते सांगा." आता प्राचार्यांना काम कुठलं सुचायला! बराच विचार करून ते म्हणाले, प्रिंटर अडकतो. तर चाफलेभाऊंनी त्यांना सुडूनं फक्त प्रिंटर पुन्हा चालू करायचा अधिकार दिला. तेव्हापासून प्राचार्य येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगत, "सर्व्हरवर माझे अधिकार आहेत." आणि खोटं नव्हतंच ते. प्रिंटरही कधी नव्हे इतका सुरळीत चालायला लागला, कारण साहेब तो दिवसातून चारदा चालू करत.

माझंही त्यांच्याशी वाजलं होतं. माझं आडनाव कडू, आणि लोक म्हणतात ते मला शोभतं. निकालाची एक फाइल मला अधूनमधून दुरुस्त करावी लागे. मी म्हटलं, मला ती एक फाइल संपादकात, म्हणजे फाइल लिहायच्या-खोडायच्या प्रोग्रामात, उघडायचा अधिकार द्या, बाकी काही नको. ते म्हणाले, "मॅडम, तो संपादक मालकाच्या नावानं उघडला ना, का त्याच्या आतून पूर्ण मशीनवर जाता येते. तुम्ही मागून राह्यल्या खिडकी, अन् मी देऊन बसन अख्खं घर."

"मी काय चोर आहे का?" मी आवाज चढवला.

"नाई बाप्पा. तुमच्या खुर्चीवर उद्या कोण बसन, ते मले मालूम नाई ना."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी एक छोटी आज्ञा बनवून दिली. मी आपली फाइल माझ्या जागी दुरुस्त करायची, आज्ञा द्यायची, मग ती आज्ञाच फाइल तपासून जागेवर नेऊन ठेवी. त्याहून तसूभर जास्त काही होत नसे. मला राग आला होता तो तसाच राहिला, पण काम मात्र झालं.

आणि काढून घ्यायचं म्हटलं की हा माणूस दगड. कॉलेज सोडून जाणाऱ्यांची आमच्याकडे रांगच लागली होती. कोणाला काढलं, कोणी कंटाळून गेलं. निरोप समारंभात समोसा हातात यायच्या आधी चाफलेभाऊंनी त्याचं नाव मशीनवरून काढलेलं असे. एकदा मनानं सोन्यासारख्या ग्रंथपाल बाई शेवटचं पत्र छापायला गेल्या, तर मशीन त्यांना ओळखेना. बाई रडकुंडीला आल्या. चाफलेभाऊंनी ते पत्र स्वतःच्या नावावरून छापून दिलं, डोळेही पुसले स्वतःचे, पण नाव काही परत घातलं नाही. "रडणं आपल्या जागी, अन् अकाउंट आपल्या जागी," एवढंच म्हणाले.

मग हेच चाफलेभाऊ दुपारचे गायब व्हायला लागले. आम्ही दोघंही देवळीचे, एकाच गल्लीतले. सकाळी एकाच बसनं येणारे. विचारलं तर म्हणत, "घरी जराक पाहाचं होतं." त्यांची बायको, शोभावहिनी, आमच्या गल्लीत गोळाभातासाठी आणि तोंडाच्या पट्ट्यासाठी प्रसिद्ध. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. मुलगी नांदेडला दिलेली, तीसुद्धा माहेरी आली की बाहेरच्या खोलीत बसून भाजी निवडायची. अलीकडे वहिनी गोष्टी विसरतात असं कानावर आलं होतं. वयानं होतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

इकडे दुपारी चाफलेभाऊ नसतात म्हणून व्यवस्थापनानं फर्मान काढलं की प्रयोगशाळेचे राऊत सर, जे जाम गावाहून येतात, त्यांना सगळे अधिकार द्या. चाफलेभाऊ पहिल्यांदा भांडले नाहीत. "सगळे?" एवढंच विचारलं आणि देऊन टाकले. तेव्हाच मला समजायला हवं होतं की हा माणूस ठिकाणावर नाही.

परीक्षेच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. अर्ज जमा होईनात, मशीन म्हणे परवानगी नाही. राऊत सर घाईला आले. इंटरनेटवर कोणीतरी सांगितलं होतं की सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका, झंझट मिटते. त्यांनी ते एका फोल्डरपुरतं करायचं, तर मशीनच्या मुळापासून केलं. म्हणजे प्रत्येक फाइल, प्रत्येकासाठी, सताड उघडी. आता तुम्हाला वाटेल, मग सगळंच चालायला लागलं असेल. उलट झालं. अधिकार देणारा जो सुडू, त्याच्यावरची मालकाच्या नावानं चालायची खास खूणच त्या घाईत पुसली गेली. मशीन एकेक करून गप्प झालं. राऊत सरांना सगळे अधिकार होते, पण ते वापरायची वाटच उरली नव्हती. व्हरांड्यात पोरं अर्ज घेऊन उभी, आणि प्राचार्य प्रिंटर चालू करून पाहत होते.

चाफलेभाऊ फोन उचलेनात. गल्लीतली म्हणून मलाच पाठवलं. मी बसमध्ये मनातल्या मनात त्यांना काय काय बोलायचं ते जुळवत गेले. बोलायला मी कमी नाही.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघराची भिंत ओट्यापासून छतापर्यंत काळी पडली होती. शोभावहिनी खाटेवर बसलेल्या, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. चाफलेभाऊ फडक्यानं भिंतीवरची काजळी पुसत होते.

"फोन काऊन नाई उचलत?" जुळवलेलं सगळं विसरून मी एवढंच बोलले.

"ऐकू आला. नाई उचलला."

"कडूताई, बसा ना," वहिनी म्हणाल्या. "चहा ठेवते." आणि उठून ओट्याशी गेल्या. चाफलेभाऊ लगबगीनं त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले, वाट न अडवता, जरा बाजूला. वहिनी शेगडीकडे पाहत राहिल्या. मग हळूच नवऱ्याला विचारलं, "मी कायले आली होती इथं?"

"काई नाई. उगीच. चाल, बस."

त्या सकाळी पातेलं ठेवून त्या विसरल्या होत्या. फडकं पेटलं, ते विझवायला हात घातला. चाफलेभाऊ तेव्हा कॉलेजात होते. शेजारच्यांनी धूर पाहिला म्हणून निभावलं. आणि हे पहिल्यांदा नव्हतं. दोनदा गॅस नुसताच सुरू राहिला होता. मुलगी रोज फोनवर सांगत होती, बाबा, शेगडी काढा, डबा लावा.

"मग काढत का नाही?" मी ओरडलेच. "कॉलेजात माणसाचा समोसा गरम असतो तोवर त्याचं नाव काढता तुम्ही! ग्रंथपाल बाईंना त्यांच्या नावावर एक पत्र छापू दिलं नाही. आणि इथं माणूस जळायला निघालं तरी गॅस तसाच?"

ते फडकं हातात धरून उभे राहिले. "मॅडम, ते मशीन कॉलेजचं आहे. कॉलेजनं मले हक्क देल्ला, म्हणून मी काढतो. इथं मले कोणी देल्ला? हे घर तिनं चालवलं. मीठ कुठं राह्यते तेही मले मालूम नाई. तिच्या ध्यानातून तारीख-वार गेला. काल पोरीचं नाव गेलं. आता फक्त ही शेगडी समजते तिले. थे बी काढून घेतली, तर तिच्यापाशी राह्यते काय?"

आणि हा दगड माझ्यासमोर ढसाढसा रडला. वहिनी खाटेवरून म्हणाल्या, "अवो, काय झालं? ऑफिसात कोणी बोललं का?" मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळाले नाही, वहिनींपाशी बसले आणि चाफलेभाऊंना कॉलेजात पाठवलं.

त्यांनी पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, जुन्या प्रतीवरून एकेका फाइलीचे हक्क जागेवर बसवले. अर्जांना एक दिवस वाढवून मिळाला. व्यवस्थापनाला राऊत सरांची मान हवी होती. चाफलेभाऊ म्हणाले, "मागणाऱ्याची चूक नाई, देणाऱ्याची आहे. मी सगळं देल्लं." राऊत सरांनी रात्रभर न झोपलेली तांबडी नजर जमिनीवरून वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात चाफलेभाऊंच्या घरामागे फिटर आला. सिलिंडर अंगणात गेलं, भिंतीला भोक पाडून नळी आत आली. शेगडी होती तिथंच, वहिनींची. फक्त आता त्यांना काही शिजवायचं असलं की चाफलेभाऊ मागच्या दारानं जाऊन सिलिंडर उघडणार, जवळ येऊन उभे राहणार, आणि भाजी उतरली की पुन्हा बंद. वहिनींना यातलं काही सांगायचं नाही. "तिले वाटलं पाह्यजे, आपुनच करून राह्यलो," असं त्यांनी मला बजावलं. पण यासाठी माणूस दिवसभर घरी पाहिजे. म्हणून त्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला अजून काही वर्षं होती, पण सोडली.

मशीन कोणाला दिलं? राऊत सरांना! सगळे चकित. चाफलेभाऊ म्हणाले, "दुधानं तोंड पोळलं त्याईचं. आता ताकही फुकून पितीन." महिनाभर शेजारी बसवून शिकवलं. शेवटच्या दिवशी, समोसे यायच्या आधी, म्हणाले, "राऊत सर, माझं नाव काढा."

राऊत सरांचा हात चालेना. "राहू द्या ना, भाऊ. कधी अडलं तर?"

"अडलं तर फोन करजा. दुसरी खिडकी उघडी ठेवली ना? मंग काढा."

राऊत सरांनी काढलं. चाफलेभाऊंनी स्वतः एकदा आत जाऊन पाहिलं, मशीन नाही म्हणालं, तसे समाधानानं उठले. समारंभात त्यांच्याबद्दल प्राचार्य बरंच बोलले. मला त्यातलं काही आठवत नाही, कारण मी रडत होते.

परवा दिवाळीचं फराळाचं ताट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दुपार उतरली होती. चाफलेभाऊ अंगणातून सिलिंडर उघडून हात झाडत मागच्या दारानं आत येत होते. नेहमीसारखं विचारलं, "चहा मांडतं का?"

वहिनी वळल्या. त्यांच्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून मागे सरल्या. "तुम्ही कोण? असे मांगून कसे घुसले घरात? घरी माणूस नाई. बाहेर बसा."

मी म्हणणार होते, वहिनी, अहो हे काय बोलता. चाफलेभाऊंनी मला नजरेनंच थांबवलं. "चुकलं, बाई," ते म्हणाले, मागे गेले, सिलिंडर बंद केलं, घराला वळसा घालून पुढच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"आज पह्यल्यांदा."

"आत जाऊन सांगा ना. फोटो दाखवा लग्नाचा."

"कायले? घरी एकटी बाई. अनोळखी माणसाले आत नाई घेत, बरोबरच आहे तिचं." आवाज साधा होता, पण दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून ते बसले होते.

थोड्या वेळानं वहिनी बाहेर आल्या. तांब्या आणि दोन गिलास घेऊन. आधी मला दिला, मग त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, भाऊ. उन्हाचे आले. राग नका मानू. आमचे हे येतीन आता, पाचच्या बसनं येतात. चहा तेव्हाच होईन."

"चालते, बाई," ते म्हणाले.

"तसा मले येते करता," वहिनी दाराला टेकून, रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "पण हात जळला ना माझा मांगं. तेव्हापासून भेव लागते. ते मांगं जातात, सिलिंडर खोलतात, अन् माझ्याजवळ येऊन उभे राह्यतात. त्याईले वाटते मले समजत नाई. मी बी नाई बोलत. पण ते जवळ नसले ना भाऊ, त मी गॅसले हातच लावत नाई."

चाफलेभाऊंनी गिलास तोंडाला लावला होता तो तसाच खाली घेतला.

"नका लावू, बाई," ते म्हणाले. "येऊ द्या त्याईले."